मार्कांआधी पायरी विचारा

शिक्रापूर, सणसवाडी, तळेगाव ढमढेरे, पाबळ या पट्ट्यातल्या आईवडिलांसाठी आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी हे लिहितोय. विषय आहे मुलांना जपानी किती येते ते कसं मोजायचं. आमच्या घरात कुणी जपानी शिकत नाही, असं म्हणून पान उलटू नका. हा विषय फिरून आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत येतो, ते पुढे सांगतो.

पुण्याला जपानी नवी नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ती शिकवली जाते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या जगभर चालणाऱ्या परीक्षेचं केंद्र पुण्यात आहे. चाकणला ब्रिजस्टोनसारखे जपानी कारखाने आले, आणि मोबाइलवरच्या वर्गांमुळे शिक्रापूरच्या पोराला या भाषेसाठी नगर रोडच्या गर्दीत अडकायचं कारणही उरलं नाही. हे शहरी मुलांचंच काम आहे असंही समजू नका. संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये मुलांनाच विचारलं, परदेशी भाषा कोणती शिकायची? यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली आणि खेड्यातली मुलं इंटरनेटवरून धडे घेत जपानीत बोलायला लागली. तेही फी न भरता.

तेव्हा तुमचं पोर जपानी शिकत असेल तर आनंदच आहे. खटकतं ते वर्ग सुरू होऊन महिना झाला नाही तोच सुरू होणारं पालुपद. ‘सर, एन5 कधी देईल हा?’

एन5 ही जेएलपीटीची सगळ्यात खालची पायरी. तिथून चढत चढत एन1. परीक्षा जुलैत आणि डिसेंबरमध्ये होते. एन5ला एकूण गुण 180, पास व्हायला 80 लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. भाषाज्ञान आणि वाचन मिळून 120 पैकी किमान 38, आणि ऐकण्यात 60 पैकी किमान 19 हवेत. एका भागात कमी पडलात की एकूण कितीही असोत, नापास. बोलायला या परीक्षेत एकदाही सांगत नाहीत. स्वतःच्या मनाने एक ओळ लिहायलाही सांगत नाहीत. नोकरीसाठी, प्रवेशासाठी मोठ्या माणसांना ही परीक्षा उपयोगी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण दहा वर्षांची मुलगी त्यात नापास झाली तर त्या निकालावरून तिला काय येतं ते कळत नाही. तिला जपानी गोष्ट ऐकून नीट समजत असेल आणि फक्त अक्षरं वाचायला वेळ लागत असेल. किंवा दुसऱ्या एखादीचं बरोबर उलटं असेल. कागदावर दोघी सारख्याच नापास. ज्या क्लासच्या जाहिरातीत लहान मुलांसाठी ‘तीन महिन्यांत एन5’ असं असेल, तिथून मुलाला खुशाल काढा.

मग मुलाची भाषा मोजायची कशी? याच प्रश्नावर जपानमध्ये बरीच वर्षं काम चाललंय, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याला परीक्षा म्हणजे एक पेपर ठाऊक असतो. सगळ्यांना तोच. त्यात काही प्रश्न सोपे, काही अवघड. हुशार मुलाचा अर्धा वेळ सोप्या प्रश्नांत जातो, आणि नवख्याचा अर्धा वेळ न समजणारे प्रश्न बघण्यात. दोघांबद्दलही त्या अर्ध्या वेळात काही कळत नाही. आठवड्याच्या बाजारात तागडीवाला काय करतो ते आठवा. भाजी पारड्यात पडली की तो आधी अंदाजाने एक वजन टाकतो. जड झालं तर ते काढून लहान टाकतो, हलकं झालं तर वर पावशेर चढवतो, काटा स्थिर होईपर्यंत. दुकानातली सगळी वजनं तो एकेक करून लावत बसत नाही. संगणकावरची अनुकूली चाचणी नेमकी अशीच चालते. पहिला प्रश्न बहुधा मध्यम. उत्तर बरोबर आलं की पुढचा थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. प्रत्येक उत्तरानंतर संगणक आपला अंदाज सुधारतो, आणि अंदाजातली चूक पुरेशी कमी झाली की थांबतो. नेहमीच्या पेपरपेक्षा पुष्कळ कमी प्रश्नांत तेवढीच खात्री मिळते. आठ वर्षांच्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण वीस मिनिटांनंतर ते उत्तर देत नसतं, सुटका शोधत असतं.

यामागचं गणित जुनं आहे. गेऑर्ग राश नावाचे डॅनिश गणिती 1950च्या दशकात वाचनात मागे पडलेल्या शाळकरी मुलांच्या चाचण्यांवर काम करत होते. प्रश्नाचा अवघडपणा आणि मुलाची कुवत या दोन्ही गोष्टी एकाच मोजपट्टीवर मांडता येतील अशी रीत त्यांनी बसवली आणि 1960 मध्ये ती पुस्तकात मांडली. जो प्रश्न मुलाला येईल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, तोच प्रश्न त्या मुलाबद्दल सगळ्यात जास्त सांगतो. नक्की येणारा आणि नक्की न येणारा, दोन्ही प्रश्न वाया. ही रीत पुढे कुणाकुणाच्या कामाला येणार हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण सुरुवात लहान मुलांच्या वाचनापासूनच झाली होती, हे मला फार आवडतं.

जपानी भाषेसाठी अशी चाचणी जे-कॅट या नावाने तयार झाली. त्सुकुबा विद्यापीठातले इमाइ शिंगो आणि त्यांचे सहकारी यांचं ते काम. इंटरनेटवरून घेता येणारी, ऐकणं, शब्द, व्याकरण आणि वाचन अशा चार भागांची. ती प्रामुख्याने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. मग प्रश्न आला मुलांचा.

तो प्रश्न जपानला का पडला? परदेशातून कामाला आलेल्या लोकांची मुलं शाळेत बसली म्हणून. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या 2023च्या पाहणीत सरकारी शाळांमधली 69 हजारांहून अधिक मुलं अशी निघाली की ज्यांना जपानी भाषेचा वेगळा आधार द्यावा लागतो. त्यातली काही तर जपानी नागरिकच आहेत, पण घरात भाषा दुसरी. घरी पोर्तुगीज, चिनी, फिलिपिनो, स्पॅनिश, व्हिएतनामी बोलणारी ही मुलं देशभर विखुरलेली आहेत, कित्येक शाळांत अशी एक-दोनच. त्या शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी कळायला हवं असतं, या मुलाला कुठून सुरू करू?

मोठ्यांची चाचणी छोटी करून मुलांपुढे ठेवली, असं चालत नाही. मोठ्या माणसाला प्रश्न वाचता येतो. पहिलीच्या मुलाला प्रश्नच वाचता आला नाही तर त्याचं ऐकणं कसं तपासणार? म्हणून सूचना आवाजात हव्यात, उत्तर चित्रावर बोट ठेवून देता यायला हवं. चित्रही विचार करून निवडायचं. जपानी मुलांच्या पाठीवरचं कडक चामडी दप्तर किंवा चटईची खोली नव्याने आलेल्या मुलाने पाहिलेलीच नसते. तो चित्राला चुकतो, आपण म्हणतो भाषेला चुकला. चिनी मुलाची गंमत आणखी वेगळी. जपानीतली कांजी ही चित्राक्षरं चीनमधूनच आलेली, त्यामुळे तो कित्येक शब्दांचा अर्थ वाचून ओळखतो, पण तेच शब्द ऐकले तर त्याला पत्ता लागत नाही. आपल्या मराठी मुलाचं बहुधा याच्या उलट. क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून प्रत्यय लागल्यासारखी रचना, दोन्ही गोष्टी त्याच्या ओळखीच्या. अ, इ, उ, ए, ओ असे पाच स्वर आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने लागणारी जपानी अक्षरं पाहिली की बाराखडी शिकलेल्या पोराला घरचंच वाटतं. वाटणारच, तो क्रम बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे आला आहे. पण कांजी आली की तेच पोर अडतं. जपानी प्राथमिक शाळेत सहा वर्षांत 1,026 कांजी शिकवतात, पहिलीत 80 आणि दुसरीत एकदम 160. म्हणजे एकच आकडा देऊन या दोन मुलांची तुलना करणं चुकीचं. ऐकणं वेगळं मोजायचं, वाचणं वेगळं, आणि एखादा प्रश्न एका मातृभाषेच्या मुलांना उगाच सोपा किंवा अवघड जात असेल तर तो शोधून बाहेर काढायचा.

शिवाय चाचणी चालण्याआधी प्रश्नांची मोठी पेढी हवी, आणि त्यातला प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे ते आधी बऱ्याच मुलांकडून सोडवून घेऊन ठरवावं लागतं. बाईंना सोपा वाटणारा प्रश्न मुलांना सोपा असतोच असं नाही. इथे घोडं अडतं. मुलं थोडी, विखुरलेली, वयं वेगवेगळी. त्यामुळे हे काम सावकाश चालतं आणि तसंच चाललं पाहिजे. एखादा ऍपवाला ‘आमची चाचणी मुलाच्या पातळीप्रमाणे बदलते’ म्हणाला तर त्याला सरळ विचारा, तुमचे प्रश्न आधी किती आणि कोणत्या वयाच्या मुलांवर तपासले? उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजा की प्रश्न तपासलेलेच नाहीत. संगणकावर घेतली म्हणून चाचणी बदलती होत नाही. आपली एमएचटी-सीईटीही संगणकावरच होते, पण तुम्ही पहिलं उत्तर काय दिलंत यावरून तिचा दुसरा प्रश्न ठरत नाही.

आता अशी चाचणी तुमच्या मुलापुढे आली तर काय करायचं?

शेजारी बसून उत्तर सुचवू नका. नेहमीच्या पेपरात दोन मार्क फुकट मिळतील. इथे तुमच्या कुजबुजीमुळे संगणक आणखी अवघड प्रश्न आणतो, पोर गांगरतं आणि शेवटी न झेपणाऱ्या वर्गात जाऊन बसतं. आधीच सांगून ठेवा की काही प्रश्न चुकणारच, चाचणी तशीच बनवलेली आहे. आपली मुलं सगळं बरोबर आणायच्या सवयीची. ओळीने दोन-तीन चुकले की डोळ्यांत पाणी येतं. चांगले चाचणीकार म्हणूनच सुरुवातीचे प्रश्न मुद्दाम सोपे ठेवतात आणि मुलांसाठी बरोबर येण्याचं प्रमाण निम्म्याहून बरंच वर ठेवतात. मागे जाऊन उत्तर बदलायची सोय बहुधा नसते, तेही सांगा. आणि ‘किती बरोबर आले?’ हा प्रश्न विचारूच नका. दोन मुलांचे दहातले सहा-सहाच बरोबर येतील, पण एकाचे सहा खालच्या पायरीवरचे आणि दुसरीचे वरच्या पायरीवरचे असतील. विचारायचं ते हे की ऐकण्यात कुठे, वाचण्यात कुठे, आणि आता पुढे काय शिकवणार.

संगणकाला सगळं जमतं असंही मानू नका. मूल गप्प बसलं तर ते येत नाही म्हणून, की लाजतंय म्हणून, हे त्याला ओळखता येत नाही. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 2014 मध्ये काढलेली डीएलए नावाची दुसरी पद्धत इथे कामाला येते. त्यात शिक्षक एकेका मुलासमोर बसून गप्पा मारत, चित्रं दाखवत, पुस्तक वाचून घेत त्याची भाषा पाहतात आणि सहा टप्प्यांपैकी ते कुठे आहे ते ठरवतात. आधाराने काय जमतं तेही त्यात बघतात. वेळ लागतो, शिक्षकाला शिकून घ्यावं लागतं, पण माझं मत विचाराल तर लहान मुलाबाबत अंतिम शब्द अशा गप्पांचाच असावा. संगणकाने आधी जागा दाखवावी, म्हणजे बाईंचा वेळ वाचेल.

आपल्याकडचे कित्येक जण नोकरीनिमित्त जपानला जातात. तोक्योच्या एदोगावा भागात भारतीय घरं बरीच आहेत, आणि 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्या स्थानिक सभेवर निवडूनही आले. तुम्ही मुलं घेऊन जाणार असाल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. परदेशी मुलांना तिथे शाळेची सक्ती नाही, पण मागितलं तर सरकारी शाळेत मोफत प्रवेश मिळतो. मागायचं मात्र तुम्हालाच, वॉर्ड ऑफिसात जाऊन. शाळेचं वर्ष एप्रिलपासून आणि वर्ग बहुधा वयावरून ठरतो. म्हणून जपानी शून्य असली तरी पोर चौथीत बसू शकतं. शाळेत गेल्यावर भाषेच्या वेगळ्या तासांची चौकशी करा, 2014 पासून असे तास नियमित अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देता येतात. मुलाच्या इथल्या वह्या सोबत न्या, म्हणजे गणित त्याला येतं, अडतंय ते फक्त जपानीत, हे तिथल्या बाईंना डोळ्यांनी दिसेल. सहा महिन्यांत पोर मैदानावर फाडफाड जपानी बोलायला लागलं की तुम्ही म्हणाल, झालं काम. तिथे थांबा. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय की खेळताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण विज्ञानाचा धडा समजायला लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. बोलतंय म्हणून वेगळे तास बंद करायला शाळा निघाली तर वाचनाची चाचणी मागा. आणि घरात मराठी बोलणं सोडू नका. विचार करायची भाषा पक्की असेल तर दुसरी तिच्या आधाराने चढते.

आता आपल्या शाळेकडे येऊ.

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कुटुंबं आली. दौंडकडे गुऱ्हाळांवर आली. त्यांची मुलं आपल्या शाळांत मराठीतून शिकतात. जपानी शाळेतल्या परदेशी मुलाची जी गत, तीच या मुलांची इथे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि मागे राहिलेल्या मुलाला वेगळं शिकवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण मराठी सक्तीची करणं आणि ओडिया बोलणाऱ्या पोराला ती कुठून शिकवायची हे शोधणं, ही दोन कामं आहेत. तो मराठीच्या चाचणीत कोरा कागद देतो आणि आपण त्याला ‘अप्रगत’ लिहून मोकळे होतो. कदाचित त्याला घरच्या भाषेत छान वाचता येत असेल. आपण विचारलंच नाही.

यासाठी संगणकाची वाट बघायची गरज नाही. बदलती चाचणी हाताने घेता येते आणि ती आपल्या देशात 2005 पासून गावोगाव चालू आहे. ‘प्रथम’ संस्थेचं असर सर्वेक्षण ऐकलं असेल. त्यात मुलापुढे पहिलीच्या पातळीचा एक लहान उतारा ठेवतात. वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात. अडला तर शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. पाचातली चार आली की ती पायरी पक्की. एका मुलाला काही मिनिटं लागतात. तागडीची रीत तीच, फक्त संगणकाच्या जागी गुरुजी. त्यानंतर मुलांना इयत्तेऐवजी पायरीप्रमाणे तासभर बसवून शिकवायचं. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 मध्ये जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांची विषयमित्र होऊन शिकवतात. ती शाळा घडवणारे दत्तात्रय वारे गुरुजी त्याआधी आपल्या शिक्रापूरशेजारच्या वाबळेवाडीला होते, तेव्हा हे सगळं आपल्याला परकं नाही.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर जे पालक आहेत, त्यांना माझी विनंती अशी. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात, पुस्तकं वाटायच्या गडबडीतही, मुख्याध्यापकांकडे एवढं मागा. मराठी ज्यांच्या घरची भाषा नाही अशा मुलांची वेगळी यादी, मातृभाषेसकट. त्या प्रत्येक मुलाचं ऐकणं आणि वाचणं वेगवेगळं, असं समोर बसवून तपासलेलं. ऐकण्यासाठी साधं पुरतं, ‘खिडकीजवळची निळी पिशवी आण आणि आतली वही टेबलावर ठेव’ म्हणा आणि कुठे अडतंय ते बघा. घरच्या भाषेतलं एखादं पुस्तकही हातात द्या. हिंदीचं मिळायला अडचण नाही, ओडिया-बंगाली मोबाइलवर मिळतं. गावातल्या बारावी झालेल्या दोघा-तिघांना दुपारी बोलावलंत तर दोन दिवसांत अख्खी शाळा तपासून होते. निकाल मुलासमोर मोठ्याने वाचू नका आणि फळ्यावर लावू नका. वहीत तारीख घालून लिहा, दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच मुलांना पुन्हा त्याच रीतीने बसवा, आणि जे पोर एक पायरीही हललं नसेल त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला भेटा. ती मराठी बोलत नसेल तर शेजारच्या खोलीतलं कुणीतरी सोबत न्या.